पोलादातील कला : जपानची तलवार

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• जपानी तलवारीच्या इतिहासातील प्रमुख टप्पे सांगू शकाल;
• तलवार घडवण्याची प्रक्रिया क्रमाने स्पष्ट करू शकाल;
• एखादी कला टिकण्यासाठी काय काय टिकावे लागते, याविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

शस्त्राचे काम संपले की बहुधा ते गंजते किंवा वितळवले जाते. जपानी तलवारीच्या वाट्याला मात्र निराळे भाग्य आले. जपानमध्ये 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवलेल्या वस्तूंत शंभराहून अधिक तलवारी आहेत. शत्रूवर चालवायचे शस्त्र कलाकृती कसे झाले?

जपानमधील सुरुवातीच्या तलवारी सरळ पात्याच्या होत्या. दहाव्या शतकाच्या सुमारास, घोड्यावरून लढणाऱ्या योद्ध्यांना सोयीची अशी वक्र, एकधारी तलवार तेथे घडू लागली. कामाकुरा काळ (इ. स. ११८५ ते १३३३) हा या कलेचा सुवर्णकाळ होय. सर्वश्रेष्ठ मानला जाणारा कारागीर मासामुने याच काळाच्या अखेरीस होऊन गेला.

या तलवारीचे पोलाद लोहयुक्त वाळूपासून मिळते. 'तातारा' नावाच्या मातीच्या भट्टीत वाळू आणि कोळसा यांचे थर तीन दिवस व तीन रात्री आलटून पालटून टाकतात. शेवटी भट्टीच फोडून पोलादाचा गोळा बाहेर काढतात. त्यातील उत्तम तुकड्यांना 'तामाहागाने' म्हणतात.

लोहार हे तुकडे तापवून, ठोकून, पुन्हा पुन्हा दुमडतो. दर घडीला थर दुप्पट होतात. दहा घड्यांत एका थराचे १०२४ थर होतात. त्यामुळे मळी निघून जाते आणि पोलाद एकजीव होते. पुष्कळदा आत मऊ लोखंड व बाहेर कठीण पोलाद अशी रचना करतात. मऊपणामुळे पाते सहसा मोडत नाही, कठीणपणामुळे धार टिकते.

खरी कसोटी पुढेच असते. पात्यावर चिकणमातीचा लेप देतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग लालभडक पाते पाण्यात बुडवतात. मराठीत यालाच 'पाणी देणे' म्हणतात. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन कठीण बनते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. कठीण होताना धारेचा भाग किंचित प्रसरण पावतो, म्हणून पात्याचा बाक वाढतो. दोन्ही भागांच्या सीमेवर लाटांसारखी धूसर नक्षी उमटते. ती कोरलेली नसते. पोलादाच्या आतच घडलेली असते. या क्षणी पात्याला तडा गेला, तर सारे श्रम वाया जातात.

यानंतर घासणारा कारागीर एकाहून एक मुलायम दगडांनी ती नक्षी उजळवतो. म्यान, मूठ आणि मुठीजवळची चकती घडवणारे कारागीरही वेगळे असतात. लोहाराचे नाव मात्र मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर कोरलेले असते.

१८७६ साली सामान्यतः तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि सामुराईंचे हे मानचिन्ह त्यांच्या कमरेवरून उतरले. १९४५ च्या पराभवानंतर तर असंख्य तलवारी जप्त झाल्या. कलात्मक मूल्य असलेल्या तलवारी वाचवाव्यात, हे जाणकारांनी विजेत्यांना पटवून दिले. पण जुनी पाती वाचली तरी तातारा भट्ट्या विझल्या होत्या. पोलाद नाही तर नवे पाते कोठून येणार? अखेर १९७७ साली शिमाने प्रांतात ही भट्टी पुन्हा पेटवण्यात आली. आज परवानाधारक लोहाराकडे किमान ५ वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कोणालाही तलवार घडवता येत नाही.

वस्तू संग्रहालयात जपता येते. ती घडवणारे ज्ञान मात्र माणसाच्या हातांतच जिवंत राहते. भट्टी, गुरू आणि शिष्य यांपैकी एक दुवा तुटला, तरी शतकांची विद्या लुप्त होऊ शकते.

पाठगत प्रश्न
१. पात्यावरील मातीचा लेप सर्वत्र सारखा का नसतो?
२. जुन्या तलवारी वाचूनही ही कला संकटात का होती?
३. 'पाणी' हा शब्द असलेले आणखी तीन वाक्प्रचार लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम
तुमच्या परिसरातील एखाद्या पारंपरिक कारागिराला भेटा. तो ही विद्या कोणाकडून शिकला आणि आता कोणाला शिकवतो, याची आठ-दहा ओळींत नोंद करा.