हिरवा पडदा आणि यंत्राचा हात

दूरचित्रवाणीवर दोन बातम्यांच्या मध्यें ज्या जाहिराती लागतात, त्यांत चहाच्या पेल्यांतून डोंगर वर येतो, बिस्किटाच्या कडेवरून बोटभर उंचीचें मूल घसरत खालीं येतें, आणि एकच गृहस्थ चौघेजण होऊन एका टेबलाभोंवतीं बसतो. मुलें विचारतात, "हें खरें आहे काय?" वडील मंडळी वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणतात, "सगळें खोटें असतें." आमच्या मतें हें उत्तर फार सोपें आहे. जें दिसतें तें कसें बनविलें हें कळल्यावांचून त्यांत खरें किती व खोटें किती हें ठरवितां येत नाहीं. म्हणून आधीं कृति पाहूं, मग न्यायनिवाडा.

मूळ प्रश्न असा आहे. वेगवेगळ्या ठिकाणीं व वेगवेगळ्या वेळीं घेतलेलीं दोन चित्रें एकत्र करावयाचीं आहेत. एकावर दुसरें नुसतें ठेवलें तर माणूस भुतासारखा दिसतो व त्याच्या छातींतून मागचीं झाडें दिसतात. तेव्हां माणसाच्या आकाराएवढी जागा मागच्या चित्रांत कोरी ठेवावी लागते. पॅरिस येथील जॉर्ज मेलिएस ह्या जादुगारानें ही जागा काळ्या पार्श्वभूमीनें साधली. काळें कापड प्रकाश जवळजवळ परत पाठवीत नाहीं. त्यामुळें फिल्मचा तेवढा भाग न वापरल्यासारखाच राहतो, व तीच फिल्म कॅमेऱ्यांतून पुन्हां फिरवून तेथें दुसरें चित्र उमटवितां येतें. १९०१ सालच्या एका चित्रपटांत मेलिएस आपलेंच डोकें टेबलावर ठेवून भात्यानें फुगवितो. डोकें मोठें होत जावें म्हणून त्याला गाडीवर बसवून उतरणीच्या वाटेवरून कॅमेऱ्याजवळ नेलें होतें. मोजून-मापून केलेली ही हालचाल वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें यंत्राचा हात येणार आहे तो ह्याच गरजेंतून.

आपल्याकडील दादासाहेब फाळके हेही जादूचे प्रयोग करीत असत. मुंबईस येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहून त्यांना स्वदेशी चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली, ही गोष्ट आमच्यासारख्या शाळेंत तरी मुलांना ठाऊक असावी. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'पूर्वी त्यांनीं कुंडींतल्या वाटाण्याच्या रोपाचीं ठराविक अंतरानें चित्रें घेऊन त्याची वाढ पडद्यावर दाखविली होती.

काळ्या पार्श्वभूमीची अडचण ही कीं, माणसाचे काळे केस व अंगावरील गडद छायाही तिच्यांत बुडून जातात. मग रंगाचा आश्रय घेण्यांत आला. १९४० च्या 'थीफ ऑफ बगदाद' ह्या रंगीत चित्रपटांत लॅरी बटलर यांनीं निळा पडदा वापरला. त्यांत म्हैसूरकडील साबू हा मुलगा एका अवाढव्य राक्षसासमोर उभा राहतो. मनुष्याच्या त्वचेंत, ती गोरी असो वा सांवळी, तांबड्या-पिंवळ्या छटा अधिक असतात, म्हणून निळा रंग तिच्याहून सहज वेगळा काढतां येतो. १९६४ च्या 'मेरी पॉपिन्स'मध्यें पेट्रो व्लाहोस यांची निराळीच युक्ति दिसते. प्रयोगशाळेंतील ज्योतींत मिठाची चिमूट टाकली म्हणजे जो पिंवळा रंग दिसतो, तो सोडियमचा. त्याच्या लहरींची लांबी सुमारें ५८९ नॅनोमीटर, म्हणजे वर्णपटांतील अगदीं अरुंद पट्टी. पडदा ह्याच प्रकाशानें उजळला होता, व कॅमेऱ्यांतील लोलक तेवढाच प्रकाश वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवीत असे. त्या दुसऱ्या फिल्मवर नटाची नुसती सांवली, म्हणजेच हवी ती कोरी जागा, आपोआप तयार होई.

आतां हिरवाच कां? आजच्या कॅमेऱ्यांत फिल्म नसून प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म घरांची जाळी असते. कोडॅक कंपनीच्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्यें ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तींत दर चार घरांपैकीं दोन हिरव्याचीं, एक तांबड्याचें व एक निळ्याचें असतें. हिरव्याची मोजणी दुप्पट घरें करीत असल्यामुळें त्या रंगाची कड स्वच्छ मिळते. संगणक मग एकेक बिंदु तपासून विचारतो कीं, येथें हिरवा रंग इतर दोहोंपेक्षां किती अधिक आहे? फार अधिक असेल तर बिंदु पडद्याचा. नसेल तर माणसाचा. मधल्या बिंदूंना अर्धवट पारदर्शक मानावयाचें. मुलांनीं पांढऱ्या कागदावर एक शब्द हिरव्या व एक तांबड्या पेन्सिलीनें लिहून हिरव्या जिलेटिन कागदांतून पाहावा. हिरवा शब्द जवळजवळ नाहींसा होतो व तांबडा काळा दिसतो.

खरी कसोटी ह्या मधल्या बिंदूंची असते, आणि जाहिरातींत ती फार कडक लागते. कारण तेथें विकावयाच्या वस्तु बहुधा कांचेच्या, ओल्या किंवा चकचकीत असतात. बाटलींतून मागचा पडदा आरपार दिसतो. चांदीच्या वेष्टनांत तो प्रतिबिंबित होतो. माणूस पडद्याजवळ उभा असेल तर कापडावरून उडालेला हिरवा प्रकाश त्याच्या खांद्यावर व कानांवर पडून तो आजारी दिसूं लागतो. म्हणून पडद्यावर सारखा उजेड ठेवून माणसाला त्यापासून दूर उभें करितात, व केसांच्या बटांसाठीं कारागीर तासन्‌तास बसतात. सांवली तर बहुधा नव्यानेंच रंगवावी लागते.

एवढें सर्व साधलें, पण कॅमेरा हलला, कीं नवें संकट. आगगाडीच्या खिडकींतून पाहतां जवळचे खांब धांवतात व दूरचा डोंगर हळूहळू सरकतो, हें सर्वांनीं पाहिलें आहे. कॅमेरा सरकतो तेव्हां चित्रांतील प्रत्येक वस्तु आपापल्या अंतराप्रमाणें अशीच सरकते. माणसाचें चित्र घेतांना कॅमेरा एका रीतीनें हलला व डोंगराचें घेतांना दुसऱ्या, तर माणूस जमिनीवरून घसरत असल्यासारखा दिसतो. मनुष्याचा हात कितीही कसलेला असला तरी तीच हालचाल केसाइतक्या अचूकपणें दुसऱ्यानें करूं शकत नाहीं. यंत्र करूं शकतें. रुळांवरील गाडा, त्यावर लांब हात, हाताच्या टोंकास कॅमेरा, आणि प्रत्येक सांध्यास एकेक मोटर. दर सेकंदास २४ चित्रें, व प्रत्येक चित्रासाठीं प्रत्येक मोटरीचें स्थान आंकड्यांत नोंदलेलें. ह्यास मोशन कंट्रोल म्हणतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठीं जॉन डायक्स्ट्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें यंत्र बांधलें. पडद्यावर जहाजें झेप घेतात. प्रत्यक्षांत बहुधा लहानसें जहाज जागच्या जागीं असे व कॅमेराच त्याच्याकडे धांवत जाई. त्याच दशकांत लॉस एंजेलिस येथील रॉबर्ट एबल यांच्या संस्थेनें हें तंत्र सेव्हन-अप पेयाच्या व लीव्हाइस कपड्यांच्या जाहिरातींत आणिलें.

ह्यांतील गणित शाळेंतल्या त्रैराशिकाचेंच आहे. घराची प्रतिकृति एक-दशांश असेल, तर नटासमोर कॅमेरा ३ मीटर सरकला असतां प्रतिकृतीसमोर तो ३० सेंटिमीटरच सरकला पाहिजे; मात्र वळण्याचा कोन तोच ठेवावयाचा. एका गृहस्थाचे चौघे करावयाचे असल्यास त्यानें चार खुर्च्यांवर आळीपाळीनें बसावें व यंत्रानें चारी वेळां तीच फेरी घालावी. दुधाचा थेंब उडतांना सेकंदास १,००० चित्रें घेतलीं, तर खऱ्या एका सेकंदाचे पडद्यावर सुमारें ४२ सेकंद होतात. तेव्हां थेंब सोडणारें यंत्र व कॅमेऱ्याचा हात एकाच संगणकाच्या आज्ञेनें क्षणार्धांत चालावे लागतात.

आतां मुलांचा प्रश्न. १९५९ सालीं अमेरिकेंत कोलगेट-पामोलिव्ह कंपनीनें दाढीच्या फेंसाची जाहिरात दाखविली. फेंस खरकागदावर लावला कीं लगेच वस्तऱ्यानें त्यावरील वाळू साफ निघे. वस्तुतः तो खरकागद नव्हता. पारदर्शक प्लॅस्टिकवर वाळू पसरलेली होती. खरा खरकागद त्या फेंसांत सुमारें ८० मिनिटें भिजवावा लागे. कंपनीचें म्हणणें असें कीं, खरा खरकागद पडद्यावर साध्या रंगीत कागदासारखा दिसतो. १९६५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हा बचाव मानिला नाहीं. दिव्यांच्या उष्णतेनें वितळणाऱ्या आइस्क्रीमच्या जागीं कुस्करलेला बटाटा ठेवला, व त्याच्या रंगरूपावरून मालाचा गुण सिद्ध करण्याचा हेतु नसला, तर ती फसवणूक नव्हे. परंतु प्रेक्षकाला पुरावा म्हणून जें दाखविलें तें पुरावा नसेल तर ती फसवणूकच, असा भेद न्यायालयानें केला.

हा भेद आम्हांला फार योग्य वाटतो. चांगल्या शोमरोन्याचा दाखला ऐकतांना तो मनुष्य कोणत्या गांवचा होता असें कोणी विचारीत नाहीं. तो दाखला म्हणूनच सांगितलेला आहे. साक्षीविषयींची आज्ञा मात्र निराळी आहे. पेल्यांतून उगवणारा डोंगर हा दाखला झाला. डाग एका धुण्यांत गेला असें दाखविणारें चित्र ही साक्ष झाली. आपल्या देशांतही १९८५ पासून जाहिरातदारांची स्वनियमनाची संस्था आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर दंड करितां येतो, आणि २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठीं वेगळे नियम आहेत. पालकांनीं "सगळें खोटें" म्हणण्याऐवजीं मुलाला एवढेंच विचारावें: हें चित्र कांहीं सिद्ध करूं पाहत आहे काय?

ज्यांस प्रयोग करावयाचा आहे त्यांनीं हिरवें कापड इस्त्री करून भिंतीवर ताणावें, कारण सुरकुतीची सांवली संगणकास दुसरा रंग वाटते. भावंडाला कापडापासून दोन मीटर पुढें उभें करावें, हिरवा सदरा घालूं देऊं नये, व मोबाइल हातांत न धरतां पुस्तकांच्या ढिगावर टेकवावा. पार्श्वभूमि बदलणारें साधन बहुतेक मोबाइलमध्यें आतां मिळतें. पहिल्यानें नुसता चेहरा, मग मोकळे केस, मग पाण्यानें भरलेला कांचेचा पेला घ्यावा. तें जमलें म्हणजे पेल्याच्या जागीं घांसून लखलखीत केलेला पितळी तांब्या, कापडास चिकटेल इतका जवळ ठेवून, त्याच्या पोटाला कोठें कोठें भोंकें पडतात तें पाहावें.