मनगटावरचा रिमोट : थोडे दाखवा, पण खरे दाखवा

संगणकाचे शिक्षण घेतलेली आपली मुले आता गिऱ्हाइकांना ॲप तयार करून देण्याचा धंदा करू लागली आहेत. कापड असो की ॲप, मालाची पारख एकाच गोष्टीने होते : तो वापरात टिकतो काय? हे समजून घेण्यासाठी आम्ही आज एक लहानसा नमुना घेत आहोत. घरात वाय-फायवरून संगीत वाजविणारी यंत्रणा आणि मनगटावरील स्मार्टवॉचवरून तिला हुकूम देणारे ॲप, हा तो नमुना. काम छोटे दिसते, पण त्यात चूक करण्यास भरपूर जागा आहे.

प्रथम यंत्रणा कशी असते ते पाहू. पूर्वी कॅसेट आणि स्पीकर एकाच पेटीत असत. आता गाण्यांचा साठा घरच्या संगणकावर किंवा इंटरनेटवरील सेवेकडे असतो आणि खोल्याखोल्यांतील स्पीकर तो वाय-फायवरून वाजवितात. अमेरिकेतील स्लिम डिव्हायसेस या कंपनीने २००३ साली ‘स्क्वीझबॉक्स’ नावाचा असा प्लेअर बाजारात आणला. २००६ साली लॉजिटेकने ती कंपनी विकत घेतली. कॅलिफोर्नियातील सोनोस या कंपनीचा पहिला माल २००५ साली आला. त्यासोबत रंगीत पडद्याचा आणि फिरत्या चक्राचा हातातला रिमोटही होता. पुढे स्मार्टफोन आले आणि रिमोटचे काम फोनने घेतले.

परंतु फोन दर वेळी जवळ नसतो. हात पिठात असतात, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजते. घड्याळ मात्र मनगटावरच असते. घड्याळाच्या ॲपचा सारा उपयोग या एका गोष्टीत आहे.

१. गल्ल्याजवळ काय ठेवावे

शहाणा दुकानदार रोजच्या मागणीचा माल हाताशी ठेवतो, बाकीचा गोदामात. नवशिका ॲप बनविणारा नेमके उलट करतो. फोनवरील ॲपमधील सगळी बटणे, याद्या आणि शोध तो घड्याळाच्या पडद्यावर कोंबतो. घड्याळावर हजार गाण्यांतून एक गाणे शोधण्यापेक्षा उठून फोन आणणे लवकर होते. म्हणून घड्याळावर चारच कामे ठेवावीत : थांबविणे व पुन्हा चालू करणे, आवाज कमी-जास्त करणे, पुढचे गाणे लावणे आणि खोली बदलणे. फार तर ठरलेली चार-पाच आवडती स्टेशने द्यावीत.

पेबल या घड्याळाने ही शिस्त आपोआप लावली होती. २०१२ साली किकस्टार्टरवर लोकांकडून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ घेऊन हे घड्याळ तयार झाले आणि २०१३ साली ते लोकांच्या हाती पडू लागले. पडदा १४४ बाय १६८ ठिपक्यांचा, काळा-पांढरा, आणि स्पर्शाने न चालणारा. डावीकडे मागे जाण्याचे एक बटण, उजवीकडे तीन. म्हणजे एका पडद्यावर तीनच कामे. वरचे बटण आवाज वाढविण्यास, खालचे कमी करण्यास, मधले थांबविण्यास. मधले दाबून धरले की पुढचे गाणे. दोन दिवसांत बोटांना जागा पाठ होते आणि पडद्याकडे पाहावेही लागत नाही.

ॲपलचे घड्याळ २४ एप्रिल २०१५ रोजी विक्रीस आले. त्याच्या बाजूस फिरणारी चावी आहे. सॅमसंगच्या गिअर एस-२ या त्याच वर्षीच्या घड्याळाची कडाच फिरते. आवाजाचे काम अशा फिरणाऱ्या भागाकडे द्यावे, कारण लहान पडद्यावर बोट ठेवले की बोटाखालचे चिन्हच झाकले जाते.

२. खोलीचे नाव सर्वांत वर

घरात तीन स्पीकर असतील तर हुकूम कोणत्या स्पीकरला जात आहे, हे पडद्यावर सर्वांत वर आणि ठळक दिसले पाहिजे. गाण्याचे नाव दुय्यम आहे. ते तर कानाला ऐकूच येते. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने केलेल्या पहिल्या ॲपमध्ये गाण्याचे नाव मोठे आणि खोलीचे नाव कोपऱ्यात बारीक होते. स्वयंपाकघरातला आवाज वाढविण्यासाठी त्याने चावी फिरविली आणि आवाज वाढला तो आजारी आई झोपली होती त्या खोलीत. ॲपने हुकूम अचूक पाळला होता, चूक रचनेची होती. त्या दिवसापासून त्याने खोलीचे नाव वर आणले.

३. हुकूम नेमका असावा

घड्याळाचा हुकूम बहुधा ब्लूटूथने फोनकडे, फोनकडून वाय-फायने सर्व्हरकडे आणि तेथून स्पीकरकडे जातो. या प्रवासात उशीर होतो. बटण दाबूनही काही घडले नाही असे वाटले की माणूस पुन्हा दाबतो.

येथे स्क्वीझबॉक्सच्या सर्व्हरचे उदाहरण फार बोलके आहे. त्याला ‘पॉज’ असा नुसता शब्द पाठविला तर चालू गाणे थांबते आणि थांबलेले चालू होते. ‘पॉज १’ पाठविले तर ते थांबते आणि कितीही वेळा पाठविले तरी थांबलेलेच राहते. ‘पॉज ०’ने चालू होते. नुसता ‘पॉज’ दोनदा पोहोचला तर संगीत थांबून पुन्हा सुरू होईल आणि गिऱ्हाईक वैतागेल. म्हणून ‘बदला’ असा हुकूम न देता ‘थांबा’ किंवा ‘चाला’ असा नेमका हुकूम द्यावा.

आवाजाचेही तसेच. ‘५ने वाढव’ हा हुकूम दोनदा पोहोचला तर आवाज १०ने वाढतो. ‘४० कर’ हा हुकूम दोनदा पोहोचला तरी आवाज ४०च राहतो. मात्र त्यासाठी सध्याचा आवाज किती आहे, हे सर्व्हरला ताजे विचारलेले असावे. मधल्या वेळात घरातील दुसऱ्याने फोनवरून आवाज कमी केला असेल आणि आपले घड्याळ जुन्याच आकड्यावरून हिशेब करीत असेल, तर आवाज एकदम उसळेल. तसेच चावीच्या प्रत्येक टिचकीला वेगळा हुकूम पाठवू नये. सेकंदाला तीन-चार वेळा शेवटचा आकडा तेवढा पाठवावा आणि एका फिरकीत आवाज किती वाढू शकतो, यावर मर्यादा घालावी.

४. पडद्यावर खोटे नको

बटण दाबताच ‘थांबले’ असे दाखविणे सोपे आहे, पण ते खरे असेलच असे नाही. योग्य रीत अशी : बटण दाबताच घड्याळाने मनगटाला हलकासा धक्का देऊन ‘हुकूम मिळाला’ एवढेच कळवावे, सर्व्हरचे उत्तर आल्यावरच चिन्ह बदलावे, दोन-तीन सेकंदांत उत्तर न आल्यास ‘फोनशी संपर्क नाही’ किंवा ‘स्पीकर सापडत नाही’ असे साध्या भाषेत सांगावे. माप कमी भरले तर ते गिऱ्हाइकाला आधी सांगणारा दुकानदार टिकतो. ॲपचेही तसेच आहे.

दर सेकंदाला सर्व्हरला विचारीत राहिल्यास बॅटरी लवकर संपते. ॲपलने पहिल्या घड्याळासाठी बॅटरीचा दिवस १८ तासांचाच सांगितला होता. म्हणून मनगट वर उचलून पडदा उजळला की प्रथम स्थिती विचारावी, मगच आकडे दाखवावेत. तोपर्यंत जुनी माहिती फिकट रंगात ठेवावी.

एक तांत्रिक बाबही लक्षात ठेवावी. स्क्वीझबॉक्सचा सर्व्हर ९०९० या पोर्टवर साध्या मजकुरातील हुकूम घेतो आणि ९००० या पोर्टवर वेबच्या पद्धतीने. ॲपलच्या घड्याळात सामान्य ॲपला थेट जोडणी उघडी ठेवू दिली जात नाही. तेथे ९०००चाच मार्ग धरावा. घरातील सोयीसाठी असलेले हे दरवाजे बाहेरच्या इंटरनेटवर मात्र कधीही उघडू नयेत.

५. कंपनी गेली तर?

आता धंद्याचा खरा प्रश्न. पेबल कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये बंद झाली आणि तिची मालमत्ता फिटबिटने घेतली. २०१८च्या मध्यास तिच्या सेवाही थांबल्या. रेबल नावाने एकत्र आलेल्या हौशी लोकांनी पर्यायी सेवा उभी केली म्हणून ती घड्याळे कामाची राहिली. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने पेबलच्या प्रणालीचा बराचसा भाग सर्वांसाठी खुला केला. लॉजिटेकनेही २०१२ साली स्क्वीझबॉक्सचे उत्पादन बंद केले, परंतु त्याचा सर्व्हर खुला होता. स्वयंसेवकांनी तो सांभाळला आणि २०२४पासून तो ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने चालू आहे. वीस वर्षांपूर्वीच्या पेट्या त्यावर अजून वाजतात.

याउलट सोनोसने मे २०२४ मध्ये आपले फोनचे ॲप नव्याने लिहून दिले, तेव्हा अलार्म आणि झोपेचा टायमर यांसारख्या रोजच्या सोयीच त्यात नव्हत्या. स्पीकर तेच, पण गिऱ्हाईक संतापले. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांना पद सोडावे लागले. लहान वाटणाऱ्या सोयी गिऱ्हाइकाच्या सवयीत शिरलेल्या असतात. त्या काढून घेतल्या की नवा रंग-रूप कोणी पाहत नाही.

म्हणून आपल्या मुलांना आमचा सल्ला असा आहे की, शक्य तेथे घरच्या सर्व्हरशी थेट बोलणारे ॲप लिहावे. ज्या भागासाठी परक्या कंपनीच्या सेवेवर अवलंबून राहावे लागते, तो भाग कोणता, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्यापूर्वी लेखी सांगावे. सौदा एखादे वेळी हातचा जाईल, पण दोन वर्षांनी ती सेवा बंद पडेल त्या दिवशी तोंड लपवावे लागणार नाही.

माल देण्यापूर्वी स्वतः घड्याळ बांधून ही तपासणी करावी. ओल्या हाताने आवाज कमी होतो काय? चष्म्याशिवाय खोलीचे नाव वाचता येते काय? घाईत बटण दोनदा दाबले तरी संगीत थांबलेलेच राहते काय? फोन बंद केल्यावर घड्याळ खरे काय ते सांगते काय? आणि घरातील वडीलधाऱ्या माणसाला न शिकविता ते वापरता येते काय? या पाचही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ आले, तरच तो माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा.