जुनी पेट्रोल गाडी रेस देताना थबकते? पार्ट बदलण्याआधी हे तपासा



आजचा संदेश फवारणीचा नाही, गाडीचा आहे. आपले बरेच सभासद पहाटे माल मार्केटला न्यायला जुनी पेट्रोल व्हॅन किंवा कार वापरतात. "चालू होते, आयडलला छान चालते, पण पाय दाबला की क्षणभर दबते आणि मग उचलते," अशी तक्रार गेल्या काही दिवसांत तिघांनी सांगितली. म्हणून हा सविस्तर सल्ला.

*दुर्लक्ष का करू नये*
आमच्या घरी कार्बोरेटरची जुनी व्हॅन आहे. दोन वर्षांपूर्वी टोमॅटोचे १५ क्रेट भरून मी आणि वडील नारायणगावला निघालो होतो. हायवे ओलांडायला मी पाय दाबला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध थबकली. दोनच सेकंद असतील, पण ट्रक हॉर्न वाजवत हातभर अंतरावरून गेला. वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर मी प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटरचं किट टाकलं. साडेचार हजार गेले, दोष तसाच राहिला. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी मला तीन प्रश्न विचारले. दोष निघाला वीतभर रबरी नळीत. ती चिरली होती.

मला माझीच लाज वाटली. पीक पिवळं पडलं की लगेच युरिया टाकू नका, आधी पान बघा, हे मीच तुम्हाला सांगतो. जुनी पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता, कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची. गाडीचंही तसंच आहे. आधी लक्षण, मग औषध.

*ते तीन प्रश्न*
१) गार असताना की तापल्यावर? फक्त गार असताना त्रास असेल तर चोक बघा. फक्त तापल्यावर असेल तर कॉइलचा संशय घ्या.
२) पाय दाबल्याबरोबर की चढावर सतत? दाबल्याबरोबर क्षणभर असेल तर कार्बोरेटरचा अ‍ॅक्सिलरेटर पंप किंवा हवेची गळती. चढावर लोड घेऊन दम सोडत असेल तर पेट्रोल फिल्टर, पेट्रोल पंप किंवा एअर फिल्टर.
३) गचके देते की नुसती दबते? गचके बहुधा ठिणगीचे. नुसतं दबणं बहुधा पेट्रोल-हवेचं.

*असं का होतं*
पाय दाबला की हवा लगेच आत घुसते. पेट्रोल जड, ते मागे राहतं. ही तूट भरायला कार्बोरेटरमध्ये छोटा पंप असतो, तो त्याच क्षणी पेट्रोलची पिचकारी मारतो. पिचकारी आली नाही, किंवा चिरलेल्या नळीतून जादा हवा शिरली, की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन दबतं.

*तपासणी, स्वस्तापासून महागाकडे*
इंजिन बंद आणि गार असावे. जवळ विडी-सिगारेट नको. इंजिन चालू ठेवून बघायचे असेल तेव्हा उपरणे, ओढणी पट्ट्यापासून लांब ठेवावी.

१) एअर फिल्टर काढून उजेडाकडे धरा. उजेड दिसत नसेल तर बदला. पेट्रोल फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर तोही बदला.
२) इंजिनला जोडलेल्या सगळ्या बारीक रबरी नळ्या हाताने वाकवून बघा, खास करून टोकाजवळ. चिरा, कडकपणा, सैल बसलेलं टोक शोधा. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्याची गोल डबी असते, तिच्याकडे जाणारी नळी विसरू नका. आमची तीच होती.
३) एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि इंजिन बंद ठेवूनच रेसची तार हाताने ओढा. ओढल्याबरोबर पेट्रोलची पिचकारी दिसली पाहिजे. नाही दिसली तर पंपाचा पडदा फाटला आहे किंवा बारीक भोक तुंबलं आहे. तोंड लांब ठेवा, डोळ्यात उडतं.
४) प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी.
५) रात्री अंधारात, उघड्या जागी, इंजिन चालू करून प्लगच्या वायरींकडे नुसतं बघा. निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर वायर गेली. हात लावू नका. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धुराने जीव जातो.

*एका वेळी एकच बदल.* एक गोष्ट बदला, त्याच रस्त्यावर, तेवढाच लोड घेऊन चालवा, वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही. फवारणीत चार औषधं एकत्र केल्यावर होतं तेच.

*इथेनॉलबद्दल*
पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल आपल्याच ऊस-मक्यापासून होतं, पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पडदे त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल पाणीही ओढतं. म्हणून नळ्या दर सर्व्हिसिंगला बघाव्यात आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीत जुनं पेट्रोल ठेवू नये.

*इंजेक्शनची गाडी असेल तर*
तिच्यात कार्बोरेटर नसतो. एअर फिल्टर, नळ्या, प्लग वरीलप्रमाणेच बघा. पुढे थ्रॉटल बॉडीची सफाई आणि स्कॅनर लावून सेन्सर तपासणं हे मिस्त्रीचं काम. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटत असेल तर आधी स्कॅनर, मग खर्च.

दोष सापडेपर्यंत लोड घेऊन हायवे ओलांडू नका, ओव्हरटेक करू नका. शेजाऱ्याच्या गाडीत क्रेट टाका. एक दिवसाचं भाडं परवडतं.

गॅरेजला जाताना वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून न्या. तुमच्या गाडीचा दोष कशात निघाला ते याच नंबरवर व्हॉइस मेसेजने कळवा, इतर सभासदांना उपयोग होईल.

आपला,
कृषी सल्लागार
(पुढचा संदेश नेहमीप्रमाणे टोमॅटोचा)