ऊस उभा असताना घरासाठी दिवस



गावोगाव फिरताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "ऊस तुटून जाऊ द्या, मग बघू." घरच्या बाईला दवाखान्यात न्यायचे असो, मुलाच्या शाळेत जायचे असो, सारे उसाच्या मागे. ऊस तुटतो, पण लगेच खोडवा उभा राहतो. अडसाली तर १६ ते १८ महिन्यांची. तेव्हा नुसती वाट बघणाऱ्याला मोकळा महिना सापडायचा कधी?

या बाबतीत रायगड जिल्ह्यातील पेणकडे बघण्यासारखे आहे. तो मुलूख भाताचा. पण पेण आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. चतुर्थी कोणासाठी पुढे जात नाही आणि शाडूची ओली मूर्ती पावसाळ्यात घाई करून वाळत नाही. म्हणून तेथील कारागीर शेवटच्या महिन्यावर भिस्त न ठेवता कितीतरी आधीपासून कामाला लागतात. तारीख पक्की, काम तिच्या बेताने. घरच्या कामाचीही तारीख अशीच पक्की धरावी.

त्याच जिल्ह्यातील रोह्याशी चिंतामणराव देशमुखांचे नाव जोडलेले आहे. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते. केंब्रिजला ते वनस्पतिशास्त्र शिकले होते. एवढा व्याप सांभाळणाऱ्या या माणसाने बागकामाची आवड जपली आणि मेघदूताचा मराठी अनुवादही केला. आपला व्याप त्याहून मोठा नक्कीच नाही!

आता आपल्या शिवाराकडे वळू. उसाची पुढील कामे थांबत नाहीत :

१) तुटलेला ऊस शक्यतो २४ तासांत गाळपास जावा; उशीर झाला की वजन व उतारा दोन्ही घटतात.

२) लागणीनंतर वेळेवर नांग्या भरणे आणि पहिले तीन महिने तण काढणे.

३) पीक चार ते साडेचार महिन्यांचे झाले की खताचा हप्ता देऊन मोठी बांधणी.

त्यानंतर मात्र पाण्याची पाळी आणि कीड-रोगाची पाहणी हेच मुख्य काम उरते. पाळीची शेजाऱ्याशी अदलाबदल करता येते. आज त्याने आपली धरली, उद्या आपण त्याची धरावी. पाहुणेरावळे, देवदर्शन, मुलांसोबतचे चार दिवस याच काळात बसवावेत. दुखणे तेवढे कशासाठीही मागे ठेवू नये. दवाखान्याला हंगाम नसतो.

लागणीची नोंद आपण गट कार्यालयात करता. त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर मोठ्या बांधणीची तारीख लिहा, आणि तिच्यापुढे घरच्यांसाठी राखलेले दिवसही. ते दिवस कोणते, हे मात्र घरधनिणीला विचारून ठरवा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी