पुस्तक मेळ्यात शाकाहारी पाहुणे

प्रश्न : आम्ही अल रय्यानमध्ये एज्युकेशन सिटीजवळ राहतो. सासू-सासऱ्यांना दोहा आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळ्याला न्यायचंय. दोघं शाकाहारी. बाहेर नुसतं सॅलडच मिळेल ना? डबा नेऊ का?
– एक वाचिका

उत्तर : ताई, सॅलडवर भागवायची वेळ येणार नाही. हम्मस, फलाफल, मुतब्बल अरबी हॉटेलांत सर्रास मिळतात आणि तिन्ही शाकाहारी. जपायचं ते भातापासून : मजबूसचा भात मांसाच्या पाण्यात शिजतो. मसूर सूपही विचारूनच घ्या. हरीस गव्हाचा, म्हणून फसू नका. त्यात मांस घोटलेलं असतं.

मेळ्यातून जेवायला मेट्रोने मुशैरिबमार्गे सूक वाकिफ बाजारात जा, संध्याकाळी तिथे फारच छान वाटतं. परतीची ग्रीन लाइनही मुशैरिबहूनच. डबा खुशाल न्या, मात्र मेट्रोत उघडू नका. तिथे खायला मनाई आहे. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बरीच हॉटेलं बंद असतात.