‘आ’ दिसला म्हणून मान समजू नका

सातारा-सांगलीकडच्या माणसाला आज्ञार्थ शिकवावा लागत नाही. धाकट्याला ‘बस’, पाहुण्याला ‘बसा’ आणि आग्रह करायचा तर ‘बसा की’. आईला ‘ये’ आणि आबांना ‘या’ म्हणताना कुणी व्याकरण आठवत बसत नाही. प्रमाण मराठीत ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’ सारखंच राहतं. पण इकडं तिथंही फरक करतात, ‘तुम्ही जावा’, ‘तुम्ही खावा’ म्हणतात. पुण्याच्या कानाला ते अशुद्ध वाटतं. मला त्यात नियमाची पक्की जाण दिसते: शेवटी ‘आ’ लागला की मान आला. स्पॅनिश शिकताना नेमकी हीच जाण दगा देते, म्हणून हे सांगणं.

स्पॅनिशची नियमित क्रियापदं तीन घराण्यांची असतात. मूळ रूप आर, एर किंवा इर यांनी संपतं. बोलणं म्हणजे आब्लार, खाणं कोमेर, लिहिणं एस्क्रिबिर. ‘तू’ला आज्ञा करायची तर वर्तमानकाळातलं ‘तो बोलतो’चंच रूप चालतं: आब्ला, कोमे, एस्क्रिबे. समोर मानाचं माणूस, म्हणजे ‘उस्तेद’ असेल तर शेवटचा स्वर पालटतो: आब्ले, कोमा, एस्क्रिबा. आता हे मराठी कानानं ऐका. ‘कोमा’ म्हणजे ‘खावा’, ‘एस्क्रिबा’ म्हणजे ‘लिहा’, दोन ठिकाणी हिशेब बरोबर जमतो. मग त्याच भरात ‘आब्ला’ म्हणजे ‘बोला’ असं धरलं जातं, आणि ते तर निव्वळ ‘बोल’ असतं! बरं, आर हे तिन्हींत सर्वांत मोठं घराणं. भाषेत नवं क्रियापद आलं की बहुधा त्यातच जातं. म्हणजे नियम फसतो तो नेमका सर्वांत जास्त क्रियापदांवर.

दुसरा फास आदरार्थी बहुवचनाचा. आपण एकट्या आबांनाही ‘बोला’ म्हणतो आणि अख्ख्या पंगतीलाही. स्पॅनिशमध्ये एकट्या वडीलधाऱ्याला ‘आब्ले’ आणि अनेकांना ‘आब्लेन’. एकाला ‘आब्लेन’ म्हटल्यानं मान वाढत नाही, समोरचा फक्त मागं वळून आणखी कोण आलंय ते पाहतो.

यावर कुणी म्हणेल, मग मराठी बाजूला ठेवून इंग्रजीतूनच शिकावं. मला हे पटत नाही. इंग्रजीत धाकट्याला, थोरल्याला, एकाला, दहांना आज्ञेचं रूप एकच. कुणाशी बोलतोय हा प्रश्नच तिथं पडत नाही, आणि स्पॅनिशची सुरुवात तर त्या प्रश्नापासून होते. शिवाय मराठीत ‘उस्तेद’ची खरी जोड आहे, फक्त ती आज्ञार्थात शोधू नये. ‘उस्तेद’ हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून आला, म्हणून त्याचं क्रियापद तृतीय पुरुषी. ‘महाराजांनी बसावं’ हे आपलं दरबारी बोलणं त्याच जातीचं. तिथं आपण आज्ञार्थ सोडून विध्यर्थ घेतो. स्पॅनिशही ‘आब्ले’साठी आज्ञार्थ सोडून इच्छा-शंका सांगणाऱ्या अर्थाचं रूप घेते. साम्य पुरतं नाही, कारण ‘हळद घालावी’ हे रूप कर्माप्रमाणं बदलतं, स्पॅनिशचं कर्त्याप्रमाणं. पण मान देताना थेट हुकूम टाळायचा, ही रीत दोन्हीकडं एकच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: स्पेनमध्ये आता अनोळखी माणसांतही सर्रास ‘तू’ चालतं, मग एवढा काथ्याकूट कशाला? स्पेनपुरतं ते बरंचसं खरं. पण तिथंच अनेक जवळच्यांना ‘आब्लाद’ हे वेगळं रूप आहे, जे लॅटिन अमेरिकेत बोलण्यात नाही. उलट बोगोताकडं घरच्या माणसालाही ‘उस्तेद’ म्हणतात. त्यामुळं ‘तू’वर सगळीकडं भागणार नाही.

तेव्हा आधी समोर कोण आणि किती ते ठरवा, मग क्रियापदाचं घराणं पाहा. आणि पाठ करायचंच तर आब्ला-आब्ले, कोमे-कोमा अशा जोड्यांनी करा. सुटी रूपं पाठ करू नका.