लेण्यांतील उजेड : चैत्यगवाक्ष

जळगावास उतरणारे बहुसंख्य भाविक, वेळ असल्यास, सुमारे ६० किलोमीटरवरील अजिंठ्याकडे वळतात. तेथील चित्रांची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ती ज्या उजेडात पाहावयाची, त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

डोंगरात कोरलेल्या वास्तूस प्रकाश येण्यास समोरची एकच बाजू मोकळी असते. केवळ दारातून येणारा उजेड उंबरठ्यानजीकच्या भूमीवरच रेंगाळतो. म्हणून शिल्पकारांनी चैत्यगृहाच्या दारावर, उंचावर, घोड्याच्या नालेच्या आकाराची मोठी कमान कोरली. हेच चैत्यगवाक्ष होय. उंचावरून आलेला प्रकाश उपासकांच्या मस्तकांवरून थेट आतील स्तूपापर्यंत पोहोचतो. खांबांमागील पडव्या मात्र अंधुकच राहतात. क्रमांक ९, १९ व २६ च्या लेण्यांत ही योजना उत्तम दिसते. क्रमांक १० चे लेणे ३०.५ मीटर लांब, १२.२ मीटर रुंद व ३९ खांबांचे असून त्याचा दर्शनी भाग नष्ट झाल्याने तेथे भव्य कमानच उघडी राहिली आहे.

हा आकार मूळचा लाकडी बांधकामातला. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या प्राचीन लाकडी फासळ्या आजही आहेत. धुळ्यास पांझराकाठी एकवीरा देवीचे दर्शन घेऊन कार्ल्याच्या एकवीरेकडे जाणाऱ्यांनी देवळालगतचे ते लेणेही अवश्य पाहावे. पुढे नागर शैलीच्या मंदिरशिखरांवर हाच गवाक्ष नक्षी होऊन बसला; त्यातून उजेड येत नाही, रूप तेवढे उरले.

अजिंठ्याच्या विहारांना अशी उंच कमान नाही. क्रमांक १ मधील पद्मपाणीचे चित्र ओसरी व दारे-खिडक्यांतून येणाऱ्या तुटपुंज्या उजेडाच्याही आड आहे. उन्हातून आत येताच काही दिसत नाही म्हणून पुष्कळजण लगेच परततात, ही खेदाची गोष्ट आहे. पाच-सात मिनिटे शांत उभे राहिल्यास डोळे सरावतात व रंग हळूहळू उमटू लागतात. दाराशी घोळका करू नये. मागच्यांचा उजेड अडतो. छायाचित्रासाठी झोतदिवा (फ्लॅश) वापरण्यास मनाई आहे, ती कसोशीने पाळावी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने क्रमांक १० मध्ये चित्रावरच आपले नाव कोरले. त्याच्यामागून आलेल्या कित्येकांनी तेच केले, आणि ते ओरखडे आता पुसता येत नाहीत. लेणी सोमवारी बंद असतात.